दीड बोटाचं तोंड

४ फेब्रुवारी

दादा,

पत्ता मावशीकडून घेतला. तुला सांगू नकोस असं तिला बजावलंय, म्हणजे एव्हाना तिनं तुला कळवलंच असेल.

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येतं. आम्ही बरे आहोत. हे बरे आहेत, तुला नमस्कार सांगितलाय. मी अजून पाणीपुरवठा खात्यातच आहे, तक्रारींच्या फोनवर. सकाळी नळाला पाणी आलं नाही की लोक आधी मला शिव्या देतात आणि मग पत्ता देतात.

तुझ्याकडे एक किरकोळ काम आहे. उजवीकडची खालची दाढ दुखते, शेवटून दुसरी. तू म्हणशील, मग दातांच्या डॉक्टरकडे जा, तिकडे काय त्यांचा दुष्काळ पडलाय? गेले होते. तिघांकडे गेले.

पहिल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, दाढ कामातून गेलीय, काढून टाकू, लगेच मोकळ्या व्हाल. सुई भरून हातात घेतली. मग सहज विचारलं, काही मोठा आजार वगैरे? मी सांगितलं. त्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, हे माझं काम नाही. दुसरीनं एक्स-रे काढला आणि मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाली. मोठ्या हॉस्पिटलातल्यानं फाइल चाळली. म्हणाला, ही काढली तर खालचं हाड उघडं पडेल आणि जखम भरून येणार नाही. मी म्हटलं, मग नका काढू. तो म्हणाला, तशीच ठेवली तर पू होऊन तेच होईल. मग मी काय करू, असं विचारलं, तर त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

तेव्हा तुझी आठवण झाली, घरातला दातांचा डॉक्टर तूच ना. आधीही होत होती, पण तेव्हा कारण मिळालं.

मावशीनं कितपत सांगितलंय माहीत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. तू इथून गेलास त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या घशात गाठ निघाली, उजव्या बाजूला, पडजिभेच्या शेजारी. ऑपरेशन न करता किरणांवर भागवलं. साडेसहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. गाठ गेली ती गेलीच, परत आली नाही. त्या बाबतीत मी नशीबवान, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते.

तिथे माझा एक मुखवटा केला होता. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर ताणून बसवतात. गार झालं की त्याला आपलं नाक, आपली हनुवटी आलेली असते. मग रोज तो चढवून कडेनं टेबलाला खटाखट अडकवायचे, डोकं केसभरही हलू नये म्हणून. सगळे बाहेर जायचे, जाड दार लागायचं आणि मशीन माझ्याभोवती फिरायला लागायचं. आत ठसका लागला तर काय करायचं, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. म्हणाले, हात वर करा, आम्ही थांबवू. हात मोकळे होते. मी एकदाही वर केला नाही. थांबवलं तर पुन्हा सगळं जुळवणार, म्हणजे आत आणखी वेळ.

तर आता सांग, दाढेचं काय करू? पत्रच लिही. फोन करू नकोस. दिवसभर मी तेच करते, आणि संध्याकाळपर्यंत तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते.

तुझी धाकटी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणायची, एवढ्याला पत्र म्हणत नाहीत. ‘कोणालाही दाढ काढू देऊ नकोस. एक्स-रे पाठव. किरणांच्या फाइलची प्रत पाठव. तोंड किती उघडतं ते मोजून कळव. थायरॉइड तपासलंस का?’ आणि खाली सही, तीसुद्धा औषधाच्या कागदावर करतात तशी. मी कागद उलटून बघितला, मागे काही आहे का.

विचारलंस म्हणून सांगते. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते, तीही त्या किरणांचीच देणगी. तोंड दीड बोट उघडतं. तीन बोटं मावली पाहिजेत ना? आधी मावायची. मला वाटलं होतं, मशीन बंद झालं म्हणजे संपलं. उलट त्यानंतरच एकेक सुरू झालं. पहिल्यांदा लाळ गेली. मग मानेवरच्या केसांत मागे एक चकती पडली, तिथे आजतागायत केस आले नाहीत. मग जांभई देताना गाल ओढल्यासारखा व्हायला लागला. मला वाटायचं, गार वाऱ्यानं होत असेल. एक दिवस सफरचंदाची फोड दातांशी नेली तर ती दारातच अडली.

किरणांची डॉक्टर चांगली बाई होती. सुरुवातीलाच तिनं मला पडद्यावर माझं डोकं आडवं कापलेलं दाखवलं होतं. मधे गाठ आणि तिच्याभोवती रंगीत कडी, नकाशात डोंगराभोवती असतात तशी. लाल कडं गाठीवर. मी विचारलं, या पिवळ्यात काय आहे? जबड्याचं हाड, ती म्हणाली. हिरव्यात? लाळेच्या ग्रंथी. मी म्हटलं, तिथे तर मला काहीच झालेलं नाही. ती म्हणाली, “नाही झालेलं. पण गाठीपर्यंत जायचा रस्ता तिथूनच आहे.”

तेव्हा मला गाठ सोडून काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, जा कुठूनही.

आता माझ्या टेबलावर कायम बाटली असते. पाण्याच्या तक्रारी घेते आणि दर दोन वाक्यांना घोट घेते. आमचे साहेब एकदा म्हणाले, बाई, आधी तुमची तक्रार नोंदवून घ्या. सगळे हसले, मीही हसले, दीड बोट.

एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात यांचा नमस्कार लिहिला, तो यांनी सांगितलेला नव्हता. मी तुला लिहितेय हेच यांना माहीत नाही. पत्रं मी ऑफिसात लिहिते, जेवणाच्या सुट्टीत. मला जेवायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे शेवटी मी एकटीच उरते. म्हणून तुझं उत्तरही ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं.

घरी तुझं नाव निघत नाही. हे तू समजू शकशील. तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत यांनी कितीतरी वर्षं कवळ्या केल्या, कॅप केल्या, तुझ्या पेशंटांचे अर्ध्याहून जास्त दात यांच्या हातचे. आणि एकाच्या दातांच्या ब्रिजला फट राहिली तेव्हा तू त्याच्या तोंडावर म्हणालास, मागच्या माणसाची चूक. मागचा माणूस पडद्याच्या पलीकडेच उभा होता. यांनी एप्रन खुंटीला अडकवला आणि मागच्या दारानं घरी आले. तुला वाटलं, मी समजूत घालून परत पाठवीन. यांना वाटलं, तू येशील. दोघंही माझ्याकडे बघत बसलात. मग तू दवाखाना बंद करून शिकवायला निघून गेलास, जाताना मला भेटलाही नाहीस. मी आजारी पडले तेव्हा हे म्हणाले, कळवायचं असेल तर कळव. ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात ‘कळवू नकोस’ असाच अर्थ होतो.

यात माझं काय चुकलं हे शोधण्यात मी बराच काळ घालवला. काही सापडलं नाही.

एक्स-रे सोबत आहे. दाढेत चांदीचं भरण दिसेल. हो, तेच. तू कॉलेजात होतास, आणि आई म्हणाली होती, शिकायचंय तर घरच्यांवर शीक, बाहेरच्यांनी काय घोडं मारलंय. किरणांआधी दात तपासले तेव्हा त्या डॉक्टरनं त्या भरणाचं कौतुक केलं होतं. म्हणाला, याला हात लावायला नको. म्हणून ती दाढ राहिली, बाजूच्या दोन काढल्या. आता हे वाचून स्वतःला बोल लावत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. भरणाखालची कीड कोणालाच दिसली नव्हती.

बटण

(ही सही करायची नव्हती, हातानं केली. तुझ्याशिवाय मला कोणी या नावानं हाक मारत नाही.)


७ मार्च

दादा,

तू एक्स-रेबद्दल काही लिहायच्या आत इथे बरंच झालं. सगळं लिहिते, कारण यातलं निम्मं तुला कधीतरी यांच्याकडून कळेल आणि मला ते माझ्या शब्दांत हवं आहे.

मी ‘किरकोळ’ लिहिलं होतं ना. किरकोळ नव्हतं. गोळ्यांचा असर जेमतेम जेवणापुरता राहायचा, मग मी आणखी एक घ्यायचे. पोटात आग पडायला लागली तशी दूध पिऊन घ्यायचे. यांना सांगायचे, ऑफिसात बोलून बोलून गाल दुखतो. मागच्या रविवारी सकाळी उठले तर उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता आणि तोंडाला फक्त फट उरली होती. दूधसुद्धा नळीनं.

यांची कामाची जागा आता घरातच आहे, पुढच्या खोलीत. प्लास्टरच्या जबड्यांची रांग, घासायचं मशीन, गुलाबी पावडरीचे डबे. दुपारी हे तिथे एका कवळीला पॉलिश करत होते. मी जाऊन समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, ही दाढ तुम्ही काढा.

यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, वेड लागलंय का. मी म्हटलं, हो. म्हटलं, डॉक्टर काढत नाहीत, ठेवूही देत नाहीत, तुमच्याकडे पकड आहे, हाताला सवय आहे, काढा आणि मला सोडवा. पुढचं जे व्हायचं ते होईल. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. बोलता येत नव्हतं, त्यामुळे शब्द अर्धवटच निघत होते, पण यांना सगळे कळले. हे इतकी वर्षं माझं बोलणं ऐकतायत.

यांनी स्वच्छ एप्रन घातला. पकड उकळून घेतली. माझं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवलं आणि दिवा वळवला. मला वाटलं, आता सुटले.

पकड आतच जाईना. समोरून जाईना, बाजूनं गाल ओढून जाईना. दाढेला तिचं टोक नुसतं लागलं आणि मी यांच्या मनगटाला चावले असते, पण चावायलाही तोंड उघडावं लागतं. यांनी पकड बाजूला ठेवली. खाली प्लास्टरच्या भुकटीत भिंतीला टेकून बसले, चांगला धुतलेला एप्रन घालून.

तिथूनच म्हणाले, “तुझ्या भावाला लिही.”

मी म्हटलं, “लिहिलंय.”

मला वाटलं, आता उठून जातील. तुझ्या दवाखान्यातून उठले तसे. हे बसूनच राहिले. मग विचारलं, काय म्हणाला. मी पर्समधून तुझी चिठ्ठी काढून दिली. यांनी ती वाचली, दिव्याखाली धरून पुन्हा वाचली, आणि उठून ड्रॉवरमधून मोजायचं साधन आणलं. वरच्या आणि खालच्या दाताच्या मधे धरलं.

“तू काय कळवलंस?”

“दीड बोट.”

“असं कळवतात का,” हे म्हणाले. “सूज आहे म्हणून आज अकरा मिलिमीटर. एरवी एकोणीस असेल. बोट कोणाचं धरायचं, त्याचं की तुझं?”

मग ते त्यांनीच एका कागदावर लिहिलं, तारीख घालून. तो कागद सोबत आहे. अक्षर ओळखशील.

सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. सूज उतरतेय. आता मी काही लपवत नाही. सवय गेलेली नाही, पण प्रयत्न करते.

बटण


२६ मार्च

दादा,

हे पत्र मात्र पत्र होतं. तीन दिवस ते आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं आणि आम्ही आळीपाळीनं वाचत होतो.

मला समजलं ते असं, चुकलं तर सांग. दाढ उपटायची नाही. वरचा भाग कापून टाकायचा, मुळं आतून साफ करून बंद करायची आणि हाडातच राहू द्यायची. हाडाला जखम झालीच नाही तर ती भरायचा प्रश्नच येत नाही. हाड जिवंत आहे, पण किरणांनी त्याच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकल्यात, जखम भरण्याइतकं रक्त त्याला पोचत नाही. तू लिहिलंस, ‘त्याला त्रास न देता त्याच्या शेजारी राहायचं.’ हे वाचून यांना हसू आलं. म्हणाले, हे तुझ्या भावानं स्वतः लिहिलं?

आणि तू शेवटी जे लिहिलंस ते. मी ते दोनदा वाचलं, मग यांना वाचायला दिलं आणि आत जाऊन भांडी घासली. तुझा हात तीन वर्षांपासून कापतो आणि तू तेव्हापासून पेशंटला हात लावलेला नाहीस, हे मावशीलाही माहीत नाही? कोणालाच सांगितलं नाहीस? आपण दोघं एकाच आईची मुलं, हे दुसरं कशावरून सिद्ध करायची गरज नाही.

काम करायला कोणीतरी मिळालं आहे. मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आहे, उंच, चष्मा केसांत अडकवून ठेवते. तिनं तुझं पत्र वाचलं. म्हणाली, मी असं पूर्वी केलेलं नाही, पण करीन, तुमचे भाऊ माझ्या शेजारी उभे राहणार असतील तर. आणि तोंड निदान पंचवीस मिलिमीटर उघडलं पाहिजे, नाहीतर माझी बोटंच आत जाणार नाहीत.

पंचवीससाठी यांनी एक वस्तू केली आहे. निमुळता स्क्रू, टोकाला बारीक, मागे जाड, अंगठ्याएवढा. दातांमध्ये धरायचा आणि सावकाश फिरवायचा, आटे तोंड उघडत जातात. कवळीच्याच गुलाबी मसाल्याचा केलाय, दुसरा रंग घरात नव्हता. तोंडात धरला की मी लहान मुलासारखी दिसते, चोखणी घेतलेल्या.

दिसणं सोड. पहिल्या दिवशी यांनी अर्धा फेरा दिला आणि गालाच्या आत दोर तुटावा तसं काहीतरी ओढलं गेलं. तोंडात स्क्रू, बोलता येत नाही, गिळता येत नाही. मला एकदम ती जाळी आठवली, टेबल, लागलेलं दार. श्वास घेता येईना. आणि मग माझ्या लक्षात आलं की हात मोकळे आहेत. मी हात वर केला.

हे तत्क्षणी थांबले. स्क्रू उलटा फिरवून काढला आणि खिडकी उघडली. त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच स्क्रू घेऊन यांच्यासमोर बसले.

आज बावीस. हे रोज मोजतात आणि भिंतीवर पेन्सिलनं लिहितात, पोरांची उंची लिहितात तसं.

तू येणार म्हटल्यावर हे एवढंच म्हणाले, “येऊ दे. कामासाठी येतोय.” दुपारी बघितलं तर बाहेरच्या खोलीतल्या पलंगाचा हलणारा पाय ठोकत होते.

बटण


१९ एप्रिल

दादा,

नीट पोचलास ना? तू त्या खोलीत होतास, तरी मी तुला सगळं सांगणार आहे. तू वर होतास, मी खाली. खालून वेगळं दिसतं.

खालून तीन हनुवट्या दिसत होत्या आणि एक दिवा. डॉक्टरणीची हनुवटी सारखी आवळली जात होती. तू तिच्या डाव्या खांद्यामागे होतास, उजवा हात कोटाच्या खिशात. पूर्ण वेळ खिशात. एकदा तू तिला दाखवायला तो बाहेर काढलास, बघितलास आणि पुन्हा आत ठेवलास. मला तो हात धरायचा होता, पण माझ्या छातीवर कापड होतं आणि कापडावर अवजारं.

हे उजव्या बाजूला, स्क्रू धरून. तू आल्यापासून हे तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. स्टेशनवरही नाही. तुझी बॅग घेतली, पण ती कोणाचीही घेतात.

डॉक्टरीण म्हणाली, मला दिसत नाहीये, आणखी जागा हवी.

तू म्हणालास, “अर्धा फेरा.”

“दुखेल तिला,” हे म्हणाले.

“माहीत आहे. अर्धाच.”

यांनी फिरवला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढं एक पाणी अजून येतं. डॉक्टरीण म्हणाली, अजून थोडं. मी खालून बघत होते. तू यांच्या हाताकडे बघत होतास, जवळून, चष्मा वर करून. मग म्हणालास, “किती द्यायचा ते तुम्ही ठरवा. तिचा जबडा तुम्हाला जास्त माहीत आहे.”

यांनी एक बोट माझ्या गालावर ठेवलं, स्नायूवर, आणि अगदी हळू फिरवला. डॉक्टरीण म्हणाली, बस, आलं. त्यानंतर सगळा वेळ तुम्ही दोघं बोलत होता. पाव फेरा, जरा मागे, तिला गिळू दे, आता. इतकंच. मी तोंड उघडं ठेवून पडले होते, मला हसायचंही होतं आणि रडायचंही होतं आणि दोन्हींसाठी जे लागतं ते गुलाबी स्क्रूनं अडवलं होतं.

दाढेचा वरचा भाग निघाला. मुळं बंद झाली. दुखणं त्याच संध्याकाळी गेलं, इतकं गेलं की मला चुकल्यासारखं वाटलं. तू रात्री राहिलास, सूप घेतलंस, दोघांनी बसून माझा स्क्रू कसा सुधारता येईल यावर चर्चा केलीत. त्या ब्रिजचं नाव कोणी काढलं नाही. मीही काढलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

काम संपत आलं तेव्हा डॉक्टरणीनं आरसा मागे, दाढेच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूला फिरवला आणि थांबली. तू वाकलास. हे वाकले. मग तिन्ही हनुवट्या एकदम वर गेल्या आणि कोणीच काही बोललं नाही. नंतर तू खूप जास्त बोललास, गाडीच्या वेळेबद्दल.

दादा, ती जागा माझ्या तोंडात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जिभेला ती सापडली. हिरडी संपते आणि मधेच एक कठीण, खरखरीत ठिपका लागतो, दात नसलेल्या जागी दातासारखा. डोळे बंद केले तरी जीभ तिथेच जाते. मी यांना विचारलं, काय आहे ते? हे म्हणाले, सिमेंट राहिलं असेल. यांना खोटं बोलता येत नाही, लगेच उठून हात धुवायला जातात.

हाड उघडं पडलंय ना? दाढ न काढताही पडलंय. बहुतेक आपण सगळे त्या दाढेशी झगडत होतो तेव्हाच.

तुम्ही तिघांनी मिळून मला वाचवलंत आणि त्याच खोलीत मिळून मला बाहेर ठेवलंत. मी टेबलावर होते म्हणून मी तिथे नव्हते असं होत नाही. मला सांग. काय आहे, किती आहे, पुढे काय होऊ शकतं. जबडा मोडू शकतो, असं मी हॉस्पिटलच्या बाकावर एकीकडून ऐकलंय. खरं असेल तर तुझ्याकडून ऐकायचंय. आणि या वेळी लहान चिठ्ठी चालेल. खरी असली म्हणजे झालं.

बटण


५ जुलै

दादा,

तुझं खरं पत्र मिळालं तेव्हापासून मी जरा बरी झोपते, हे विचित्र आहे. तांदळाच्या दाण्याएवढं मेलेलं हाड, कदाचित आपोआप सुटून पडेल, कदाचित पसरेल, आणि पसरलं तर जबड्याचा तो तुकडा काढून दुसरीकडचं हाड लावावं लागेल. हे सगळं मी पाठ केलं आहे. शब्द माहीत असले की भीती संपत नाही, पण ती कुठे बसलीय ते कळतं.

यांचे आणि तुझे फोन मला ऐकू येतात. दर रविवारी, पुढच्या खोलीतून. किती मिलिमीटर, लाली आहे का, गुळण्या चालू आहेत का. तुम्ही दोघं माझ्या तोंडाबद्दल इतके छान बोलता की मधे येऊ नये असं वाटतं. मी आतल्या खोलीत बसलेली असते, ते तोंड घेऊन. ते मला उठून कुठे ठेवता येत नाही. सकाळी त्यातूनच बोलायचं, त्यातूनच पातळ केलेलं अन्न गिळायचं, आणि जिभेला सांगायचं, तिकडे जाऊ नकोस.

काल तपासणी होती. हे कपडे करून तयार होते. मी म्हटलं, आज मी एकटी जाते. यांनी कारण विचारलं नाही, स्क्रू फडक्यात गुंडाळून दिला.

डॉक्टरणीनं बघितलं. वाढलेलं नाही, म्हणाली. झाकलंही गेलेलं नाही. जसंच्या तसं. पुन्हा तीन महिन्यांनी. तिनं अवजारं ठेवायला घेतली तेव्हा मी तिला सांगितलं, मला दाखवा. ती म्हणाली, फोटो काढून तुमच्या भावाला पाठवते ना. मी म्हटलं, त्यांना नंतर. आधी मला.

तिनं मोठा आरसा माझ्या हातात दिला, छोटा आत धरला, दिवा फिरवला. मी स्क्रू स्वतः फिरवला, चोवीसपर्यंत. आधी नुसती लाली दिसली आणि जीभ. मग ते दिसलं. पांढरं नाही, दादा, जुन्या कागदासारखं पिवळट, कोरडं, कडेला लाल हिरडी, आणि मधे ते, शांत. गाठ मी फक्त पडद्यावर बघितली होती. किरणं कोणालाच दिसत नाहीत. या सगळ्या प्रकारातलं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं हे पहिलं.

माझा हात अवघडला होता, पण मी आरसा खाली केला नाही. डॉक्टरणीनं विचारलं, “पुरे?”

तोंडात स्क्रू होता, बोलता येत नव्हतं. मी मान हलवली. नाही म्हणून.